लॉ स्कूलच्या क्लिनिकची मोफत कायदेशीर मदत : नऊ महिन्यांचा अनुभव

अमेरिकन नागरिकाशी लग्न होऊन दोन वर्षे पूर्ण होण्याआधी ग्रीन कार्ड मिळाले, तर ते दोनच वर्षांचे, सशर्त असते. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत ही अट काढून घेण्यासाठी पती-पत्नींनी मिळून आय-७५१ अर्ज भरायचा असतो. माझा घटस्फोट आधीच झाल्यामुळे संयुक्त अर्जातून सूट मागून मला तो एकटीने भरावा लागणार होता. संसार टिकला नाही, तरी लग्न खरे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी अशा वेळी अर्जदारावरच येते. खाजगी वकिलांची फी मला झेपणारी नव्हती, म्हणून गेल्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतील एका लॉ स्कूलच्या इमिग्रेशन क्लिनिकला फोन केला.

तेथे प्रत्यक्ष काम विद्यार्थी करतात आणि परवानाधारक प्राध्यापक-वकील त्यांच्यावर देखरेख ठेवतात. ‘शिकाऊ मुलांच्या हाती आपले आयुष्य कसे द्यावे?’ ही धास्ती मलाही होती, पण ती पहिल्याच भेटीत ओसरली. बोलणे गोपनीय राहील हे त्यांनी आधी लेखी दिले, मग दोन तास शांतपणे ऐकून घेतले. दुभाषी मात्र हिंदीची आली होती. मला हिंदी येते, पण घरातले दुःख परक्या भाषेत सांगताना शब्द घशात अडकत होते. तसे सांगितल्यावर पुढच्या भेटीला मराठी बोलणारी व्यक्ती फोनवर उपलब्ध करून दिली गेली.

माझ्या निवेदनाचे चार मसुदे झाले. विजेचे बिल कोण भरत असे, सणाला कोण कोण जेवायला येत असे, भांडण झाल्यावर मी कोणाकडे गेले, अशा एकेका प्रश्नातून विस्कळीत आठवणींना तारखा मिळाल्या. लग्नपत्रिकाही पुरावा म्हणून जोडायची होती. परकीय भाषेतील कागदाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून प्रत्येक ओळ उतरवावी लागली. हे काम माझ्या एका मैत्रिणीने केले. खालची ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’ ही ओळ तिने किरकोळ समजून गाळली होती, पण एकही ओळ सोडायची नाही, असे विद्यार्थिनीने बजावले. ती ओळ आणि तिच्याखालची माझ्या भाचरांची नावे तिला समजावून सांगताना त्या लग्नात माझे सगळे घर किती आनंदाने सामील झाले होते, हे मलाच पुन्हा आठवले आणि मी तेथेच रडले. तिने घाई केली नाही.

तक्रारही आहे. जानेवारीत सत्र बदलले आणि माझे दोन्ही विद्यार्थी गेले. नव्यांना सगळी हकीकत पुन्हा सांगावी लागली, आणि आधी दिलेले बँकेचे कागदही त्यांनी पुन्हा मागितले. परीक्षेच्या दिवसांत एका ईमेलला बारा दिवस उत्तर आले नाही. ज्या बाईचा मुक्काम एका अर्जावर टांगलेला आहे, तिला बारा दिवस फार मोठे असतात. फाईल सोपवण्याची पद्धत त्यांनी सुधारायलाच हवी.

क्लिनिक प्रत्येकाचे प्रकरण घेत नाही. घटस्फोटाचा दावा त्यांच्या कक्षेत येत नाही, तो मी आधीच दुसरीकडून लढवला होता. एच-१बीसारखे नोकरीचे व्हिसाही हे क्लिनिक हाताळत नाही. मोफत असते ती वकिली. सरकारी शुल्क वेगळे भरावे लागते आणि उत्पन्न कमी असल्यास त्याच्या माफीसाठी आय-९१२ अर्ज करता येतो. माझा तो अर्जही विद्यार्थ्यांनीच तयार केला.

आय-७५१ अर्ज मुदतीच्या आत गेला. त्याची पोच मिळाली, की ती मुदत संपलेल्या कार्डासोबत दाखवून आणखी ४८ महिने राहता व काम करता येते, हे मला क्लिनिकमध्येच कळले. निकाल अजून आलेला नाही. क्लिनिककडे जाणार असाल तर सत्र सुरू होताच फोन करा, कारण जागा लवकर भरतात, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत तारीख घालून स्वतःकडे ठेवा. सप्टेंबरमध्ये माझी फाईल तिसऱ्या जोडीकडे जाईल, आणि या वेळी कागदांची यादी मी स्वतःच त्यांच्या हाती देणार आहे.