जुनी पोर्ट उघडायची तर व्हिंटेज की टॉनी?

बेळगावात पोर्ट म्हटलं की चोर्ला घाटापलीकडची, गोव्याची गोड लाल वाइन आठवते. ती मुरवत ठेवण्यासाठी नसतेच, म्हणून इथे तिचा विचार नाही. हे पोर्तुगालच्या पोर्टबद्दल, म्हणजे तिथल्या गोड, कडक वाइनबद्दल आहे. तिचे व्हिंटेज आणि टॉनी हे दोन प्रकार. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या, ऐन बहर ओसरलेल्या अशा दोन बाटल्यांतली कुठली उघडावी, किंवा कुणी देऊ केली तर कुठली घ्यावी?

टॉनी पिंपातच पिकते, बाटलीत सुधारत नाही. म्हणून लेबलावरच्या २० किंवा ४० वर्षं या वयाच्या आकड्यापेक्षा मागे छापलेलं बाटली भरल्याचं वर्ष आधी बघा. भरून दहा-बारा वर्षं झाली असतील तर वास मंदावतो, चव जरा चपटी लागते. पण ती प्यायलाच नको अशी क्वचितच होते.

व्हिंटेज, म्हणजे एकाच वर्षीच्या द्राक्षांची पोर्ट, न गाळता भरतात आणि ती बाटलीत पिकते, त्यामुळे ती कशी ठेवली होती यावर सगळं. आडवी होती का? द्रव बाटलीच्या खांद्याखाली उतरला असेल किंवा गळ्याला चिकट ओघळ असेल, तर बुचातून हवा गेली समजा. कौलारू घराच्या माळ्यावर एप्रिल-मे काढलेल्या बाटलीकडून फार अपेक्षा नको.

उघडण्याआधी ती दोन दिवस उभी ठेवा, गाळ तळाला बसू द्या. जुनं बूच साध्या स्क्रूने भुगा होतं. दोन पात्यांचं ओपनर कडेने डोलवत खाली घाला आणि पिळत वर काढा. तरीही तुटलंच तर स्वच्छ, साबणाचा वास नसलेल्या मलमलीतून गाळा. गळ्याखाली टॉर्च धरून एका धारेत ओता. काळा गाळ गळ्यापर्यंत आला की थांबा, तळाचं दोन बोटं जाऊ द्या.

ओतल्यावर लगेच चाखा. थकलेली वाइन अर्ध्या-पाऊण तासात विझू शकते. विटकरी रंग, सुकं अंजीर, कॉफी, अक्रोड ही वयाची खूण, दोष नव्हे. फळाची चव आटली की मद्य उघडं पडतं आणि नाकात झोंबतं, तिथे तिचा बहर ओसरलेला. नेलपॉलिशचा वास किंचित असेल तर चालतो. व्हिनेगरसारखी आंबट असेल तर संपली. ओल्या पुठ्ठ्याचा वास बुचाचा, तो हवेने जात नाही.

एवढी खटपट मी आनंदाने करीन. अडतं ते पुढे. जुनी व्हिंटेज त्याच रात्री संपवावी लागते. दुसऱ्या दिवशी तिच्यात नुसता गोडवा आणि मद्य उरतं. ७५० मिली म्हणजे ६० मिलीचे बारा पेले, मद्यांश २० टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे घरात पिणारे दोघं आणि नाकं मुरडणारे सहा! या त्रासाला ओपनर नाही.

टॉनीचं तसं नाही. थोडी गार करून ६० मिली घ्या, बूच लावून उभी फ्रिजमध्ये ठेवा, महिनाभर तरी बरी राहते. गोकाकच्या करदंटातला सुका मेवा आणि गूळ तिला छान जमतो. खव्याचा कुंदा मात्र नंतर खा, त्याच्या गोडीपुढे ती पातळ आणि आंबूस लागते.

उत्तम राखलेल्या व्हिंटेजची खोली टॉनीला येत नाही, हे मान्य. आठ पिणारे एकत्र जमणार असतील तर जरूर तीच उघडा, फक्त दगा दिलाच तर साधी रेड हाताशी असू द्या. एरवी मी अलीकडे भरलेली २० वर्षांची टॉनी घेईन. ४० वर्षांचीला जे जास्तीचे पैसे पडतात, तेवढा फरक माझ्या जिभेला तरी कळत नाही.