प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर छोट्या ऑफिसात, वर्षभर वापरून झाल्यावर

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी आणि रावपुऱ्यातल्या लहान ऑफिसांचं कॉम्प्युटरचं काम बघतो मी. एकेका ठिकाणी सर्व्हर एकच, त्यावर दोन-तीन व्हर्च्युअल मशीन (एकाच कॉम्प्युटरात सॉफ्टवेअरने चालणारे वेगवेगळे कॉम्प्युटर), एकात टॅली, एकात फाइल शेअरिंग, कुठे हजेरीचं सॉफ्टवेअर. बॅकअपसाठी दरवर्षी मोठं बिल भरायला कुठलाच शेठ तयार नसतो, आणि ते मला पटतंही. तर गेलं वर्षभर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचे बॅकअप घेणारं फुकट सॉफ्टवेअर, वापरतोय आणि एवढ्या पैशात याच्या तोडीचं दुसरं काही मला दिसलेलं नाही.

आधी बरेच जण ईएसएक्सआय या व्हीएमवेअर कंपनीच्या, व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीवर होते. ब्रॉडकॉमने 2023 च्या नोव्हेंबरात व्हीएमवेअर घेतली, 2024 च्या फेब्रुवारीत ती आवृत्ती बंद केली, 2025 च्या एप्रिलात परत आणली, पण तिच्यात बॅकअप सॉफ्टवेअरला लागणारी एपीआय (बाहेरच्या सॉफ्टवेअरला जोडायची सोय) पहिल्यापासून बंदच असायची, त्यामुळे बॅकअप म्हणजे स्क्रिप्टचा जुगाड. जिथे विंडोज सर्व्हरचं लायसन्स आधीच आहे आणि त्यातलंच व्हर्च्युअल मशीन चालवणारं हायपर-व्ही चालू आहे तिथे मी काही हलवत नाही, वीम या बॅकअप सॉफ्टवेअरची कम्युनिटी एडिशन दहा मशीनपर्यंत फुकट आहे आणि काम चोख करते. बाकी सगळीकडे मशीन चालवायला प्रॉक्समॉक्स व्हीई आणि बॅकअपला त्याचाच बॅकअप सर्व्हर.

बॅकअप सर्व्हरसाठी जुना आय-फाइव्ह डेस्कटॉप, आठ जीबी रॅम, एवढं पुरतं. डिस्कमध्ये मात्र कंजूषपणा नको. हा प्रकार व्हर्च्युअल डिस्कचे चार-चार एमबीचे तुकडे करून ठेवतो, सारखा तुकडा एकदाच साठवतो, म्हणून महिन्यांचा इतिहास ठेवूनही जागा फुगत नाही, पण ते लाखभर छोटे तुकडे पडताळताना आणि जुने साफ करताना साध्या हार्ड डिस्कची दमछाक होते. जमत असेल तर एसएसडी घ्या. आणि बॅकअप दुपारी लावू नका, कारण चालू मशीनने डिस्कचा एखादा ब्लॉक (तुकडा) बदलायच्या आधी जुना ब्लॉक बॅकअपकडे पोचावा लागतो, तिकडची डिस्क हळू असली की इकडे टॅली अडकते. प्रॉक्समॉक्स व्हीई 8.2 पासून फ्लीसिंग नावाचा पर्याय आलाय, त्यात जुने ब्लॉक आधी जवळच्या डिस्कवर तात्पुरते ठेवले जातात, तो लोकल एसएसडीवर चालू केला की हा त्रास जातो.

आपल्याकडच्या ऑफिसात अजून एक गोष्ट असते, संध्याकाळी कुलूप लावताना सर्व्हर बंद करून जातात. मशीन पूर्ण बंद झालं की कुठले ब्लॉक बदलले याची नोंद पुसली जाते, मग पुढचा बॅकअप सगळी डिस्क परत वाचतो. पाठवतो बदललेलंच, पण वाचण्यात वेळ जातो. म्हणून शेठना सांगून सर्व्हर रात्रभर चालू ठेवायला लावलाय, चांगल्या यूपीएसवर.

खरी किंमत कळते ती फाइल परत काढताना. एका ऑफिसातल्या अकाउंटवाल्या काकूंचा फोन आला, "अरे, कंपनीचा फोल्डरच दिसत नाहीये रे, जीएसटीचं काय करू?" म्हटलं काकू, तुम्ही टॅली बंद करा आणि कशाला हात लावू नका. घरून लॉगिन केलं, आदल्या रात्रीचा बॅकअप निवडला, फाइल रिस्टोर दाबलं, आतली सी ड्राइव्ह साध्या फोल्डरसारखी उघडली, टॅलीचा डेटा फोल्डर झिप करून उतरवला आणि जागेवर टाकला. सगळं मशीन रिस्टोर करायची गरजच नाही. काकूंचा चहा व्हायच्या आत एंट्र्या दिसायला लागल्या. विंडोजमध्ये गेस्ट एजंट (मशीनच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) मात्र टाकलेलाच पाहिजे, नाहीतर बॅकअप घेताना फाइल सिस्टम नीट थांबवली जात नाही आणि डेटाबेस अर्धवट अवस्थेत पकडला जाऊ शकतो.

दुसरी प्रत बाहेर ठेवण्याबाबत मी अडूनच बसतो. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावर सर्व्हर आणि बॅकअप शेजारी-शेजारी ठेवणं म्हणजे काय हे बडोद्यात कोणाला सांगायला नको. आता जिथे इंटरनेट बरं आहे तिथे शेठच्या घरी वरच्या मजल्यावर दुसरा बॅकअप सर्व्हर, तो रात्री स्वतः येऊन नवे तुकडे ओढून नेतो, साध्या ब्रॉडबँडवर भागतं. ऑफिसकडे घरच्या मशीनचा पासवर्डच नसतो, त्यामुळे रॅन्समवेअर (डेटा अडकवून पैसे मागणारा व्हायरस) आलं तरी तिथवर पोचायला रस्ता नाही. ज्यांना तेवढं नको त्यांच्यासाठी बॅकअप सर्व्हरच्या 3.3 आवृत्तीपासून काढता येणारी डिस्क चालते, दोन डिस्क घ्यायच्या आणि शनिवारी अदलाबदल करायची.

लॉगिन केल्यावर सबस्क्रिप्शन नसल्याची खिडकी येते, ओके दाबायचं, काही अडत नाही, फक्त अपडेटसाठी नो-सबस्क्रिप्शनवाली रिपॉझिटरी (अपडेट जिथून येतात ती जागा) लावायची. डिस्क ऑफिसबाहेर जाणार म्हणून एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करायची सोय) चालू करा, पण त्याची की, म्हणजे किल्ली, हरवली तर बॅकअप कोणालाच उघडता येत नाही, अगदी बनवणाऱ्यांनाही नाही. प्रॉक्समॉक्समध्येच ही किल्ली कागदावर क्यूआर कोडसकट छापायची सोय आहे. मी दोन प्रती काढतो, एक शेठच्या तिजोरीत, एक माझ्याकडे बंद पाकिटात.