भाड्याची हायब्रिड आणि आपोआप वाजणारी घंटी

मागच्या रविवारी वाशीतल्या एका दुकानातून सायकल भाड्याने घेतली, नाव लिहीत नाही. दिवसाचे ४०० रुपये, डिपॉझिट वेगळं, २१ गिअरची हायब्रिड, म्हणजे रोड बाईक आणि माउंटन बाईक यांच्या मधली. नवीन घ्यायची की नाही ते ठरत नव्हतं आणि बायको म्हणाली आधी एक दिवस चालवून बघा, पंचवीस हजारांचा कपडे वाळत घालायचा स्टँड मला गॅलरीत नको. बरोबरच होतं तिचं.

पहाटे पावणेसहाला मेव्हणा आणि मी वाशीच्याच मिनी सीशोरवरून निघालो. प्लॅन असा की जमेल तेवढं उद्यानांच्या आणि तळ्यांच्या कडेच्या ट्रॅकवरून जायचं, मध्ये पामबीच रोड, मग किल्ला जंक्शन, बेलापूर आणि शेवटी खारघरचं सेंट्रल पार्क. जाऊन-येऊन ४० च्या आसपास. नकाशावर हे सगळं एका दोऱ्यात ओवल्यासारखं दिसतं हो, पण प्रत्यक्षात दोरा जागोजाग तुटलाय. ट्रॅक संपला की फुटपाथ, फुटपाथ संपला की भरधाव गाड्यांच्या कडेकडेने. पामबीचवर सात वाजल्यानंतर मी तरी जाणार नाही.

सगळ्यात मस्त पट्टा नेरूळचा, ज्वेल ऑफ नवी मुंबई हे तळ्याकाठचं उद्यान. तळं म्हणजे खरं तर होल्डिंग पाँड, पावसाचं पाणी भरतीच्या वेळी इथे साठवायचं आणि ओहोटी लागली की खाडीत सोडायचं अशी सिडकोची जुनी व्यवस्था, पण सकाळी तिथे कोणाला त्याचं काय. फ्लेमिंगो बघायचे असतील तर मात्र भरतीची वेळ बघून निघा, ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरत असतात आणि पाणी चढलं की आतल्या तळ्यांकडे सरकतात. आम्ही हे घरी आल्यावर वाचलं, त्यामुळे आमच्या वाट्याला दोन बगळे.

आता सायकल. टायर ७०० बाय ३५, म्हणजे ३५ मिलिमीटर रुंद, त्यामुळे पेव्हर ब्लॉकवर हाडं खिळखिळी होत नाहीत, पातळ टायरची रोड बाईक घेऊन इथे येऊ नका. गिअर पटापट पडतात, ब्रेक चांगले. पण सीटची क्लॅम्प, म्हणजे सीटचा दांडा आवळून धरणारी पकड, ढिली! दर तीनेक किलोमीटरला सीट बोटभर खाली जायची आणि मला कळायचं ते गुडघे हँडलला लागायला लागले की. दुकानात टाच पेडलवर ठेवून पाय सरळ होतो का बघितलं होतं, पण क्लॅम्प हाताने पिळून बघितली नाही, चूक माझी पण आहेच. एलन की, म्हणजे बोल्ट आवळायची षटकोनी चावी, मागितली तर पोरगा म्हणाला काका काही लागणार नाही. शेवटी बेलापूरला एका पंक्चरवाल्याने आवळून दिली, पैसेही घेतले नाहीत.

आणि घंटी. पेव्हरवर चाक आलं की आपोआप किणकिण सुरू. ट्रॅकवर चालणाऱ्या आज्यांना वाटायचं मी मागून घाई करतोय, एक आजोबा थांबलेच, म्हणाले जा बाबा जा, तुझीच गाडी चुकतेय. मेव्हणा मागून, दाजी राहू द्या ना ती घंटी. अरे मी वाजवत नाहीये! रुमाल बांधून बघितला तर गरज असेल तेव्हाही वाजेना.

खारघरला उत्सव चौकापासून मेट्रोच्या खांबांबरोबर गेलं की सेंट्रल पार्क येतं, त्याच नावाचं स्टेशनही आहे. पार्क ८० हेक्टरचं, पण आम्ही गेटवरच्या चहावरच थांबलो कारण माझी बसायची सोय राहिली नव्हती. आत मऊ जेल भरलेली सीट मागून घ्या, मिळाली तर.

संध्याकाळी सायकल परत दिली, डिपॉझिट लगेच मिळालं, त्याला पूर्ण मार्क. पोराला म्हटलं बाळा तुमच्या घंटीत प्रॉब्लेम आहे. त्याने अंगठ्याने दोनदा दाबली, नीट कान देऊन ऐकली आणि म्हणाला, वाजतेय की काका.