गिझरवर ‘ई १’ आलं आणि ४,६०० रुपये गेले

बत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून मी लोकांच्या सह्या तपासल्या, खाडाखोड पकडली, तारीख चुकलेले चेक परत केले. आणि निवृत्तीनंतर माझ्याच चोकडीत (धुण्या-भांड्याच्या उघड्या जागेत) उभ्या असलेल्या माणसाने दिलेलं बिल न वाचता पैसे दिले. पैशांपेक्षा याची लाज जास्त वाटली. म्हणून पंधरा-वीस दिवस घरातसुद्धा पूर्ण गोष्ट सांगितली नव्हती. पण गेल्या आठवड्यात भजनी मंडळात अगदी असाच किस्सा दुसऱ्या एकीच्या तोंडून ऐकला, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकावं.

आमचं बिऱ्हाड बडोद्यात, पूर्वी दांडिया बाजारात, आता कारेलीबागेत तिसऱ्या मजल्यावर. पाइपचा गॅस आहे. त्यावर चालणारा गिझर चोकडीच्या भिंतीवर, उघड्या हवेत लावलेला. नळ सोडला की टक-टक-टक आवाज होतो, भप्पकन पेटतो, आणि समोरच्या काचेवर पाण्याचं तापमान दिसतं. घेऊन चौदा महिने झाले होते.

उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, तीन दिवस आधीची सकाळ. पतंग बघायला पुण्याहून नणंद आणि तिची नातवंडं येणार होती, त्यांची गाडी दुपारी पोहोचायची. मी नळ सोडला तर टक-टक झालं, पण पेटलं नाही. काचेवर तापमान जाऊन ‘ई १’ असं लुकलुकायला लागलं. नळ बंद करून परत सोडला, तरी तेच. खरं सांगायचं तर आधीचे आठ-दहा दिवस तो दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पेटत होता आणि टक-टक जरा रेंगाळत व्हायची. आपण काय करतो, पेटला ना शेवटी, मग झालं.

पुस्तिका कपाटात होती. ती काढायची सोडून मी मोबाइलवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर वडोदरा’ असं टाकलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो फिरवला. पलीकडून गोड आवाज: ‘कस्टमर केअर, बोलो बेन.’ मी म्हटलं, गिझर बंद पडलाय. त्याने विचारलं, ‘कई कंपनीनुं छे?’ मी नाव सांगितलं. पत्ता घेतला, भेटीचे २९९ रुपये लागतील म्हणाला, आणि तासाभरात माणूस दारात. एवढी तत्पर सेवा बघून मला बरंच वाटलं.

तिशीचा मुलगा, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, ओळखपत्र शर्टाच्या खिशात. चप्पल बाहेर काढून आला. काचेकडे एकदा बघितलं आणि निकाल दिला: ‘बेन, पीसीबी उडी गयुं छे.’ म्हणजे गिझरचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला. मी विचारलं, सेल तर नाही ना गेले? तो हसला. ‘सेल गेले असते तर आकडा दिसला असता का?’ मला पटलं. आता वाटतं तिथेच हरले.

मग त्याने आणखी एक खडा टाकला. हा गिझर सिलिंडरवरचा आहे, तुमच्याकडे पाइपचा गॅस आहे, जेट (गॅस सोडणारी बारीक भोकं) बदलावे लागतील, १,२०० रुपये वेगळे. हे मात्र मी पकडलं. सिलिंडरच्या आणि पाइपच्या गॅसचे जेट वेगळे असतात हे खरंच आहे. पाइपचा गॅस कमी दाबाने येतो आणि तेवढ्याच आकारमानात त्याच्यात उष्णता निम्म्याहूनही कमी असते, म्हणून त्याचं भोक मोठं लागतं. पण आमच्या गिझरच्या बाजूच्या पट्टीवर ‘पीएनजी’, म्हणजे पाइपचा गॅस, असं स्पष्ट छापलंय. मी बोट ठेवून दाखवलं. तो लगेच म्हणाला, ‘तमे तो बहु हुशार छो.’ झालं. १,२०० वाचवल्याच्या आनंदात मी बाकीचं तपासायचंच विसरले. मला तर आता शंका येते की तो खडा पकडला जावा म्हणूनच टाकला होता.

मी आत चहा टाकायला गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले तर गिझर चालू, पाणी वाफाळतंय. त्याने हातात एक जळका बोर्ड ठेवला, कोपऱ्यात काळाठिक्कर पडलेला. ‘पुरावा म्हणून ठेवा.’ बिल असं: भेट २९९, पीसीबी ३,८५०, मजुरी ५००. एकूण ४,६४९. वरचे ४९ सोडतो म्हणाला. मोबाइलवरून कोड स्कॅन करून ४,६०० दिले. पैसे कुणाच्या तरी व्यक्तिगत नावावर गेले, कंपनीच्या नाही, हे पडद्यावर दिसत होतं. पिन टाकायच्या आधीच दिसत होतं.

पाहुणे आले, उंधियू झालं, जिलेबी झाली, गच्चीवर ‘काप्यो छे’च्या आरोळ्या झाल्या, सगळ्यांना कढत पाणी मिळालं. मी दोघा-तिघांना तो नंबरही दिला, हे लिहितानासुद्धा कसंतरी होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला परत ‘ई १’. त्या नंबरवर कुणी फोन उचलेना. तेव्हा कुठे पुस्तिका काढली. तिच्या मागच्या पानावर कंपनीचा खरा नंबर होता, आणि वॉरंटी कार्डही तिथेच टाचलेलं. वॉरंटी दोन वर्षांची. म्हणजे पीसीबी खरोखर गेलं असतं तरी फुकट बदलून मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी जे काका आले ते पन्नाशी ओलांडलेले, बोलायला तुसडे. त्यांनी काचेकडे बघितलंच नाही. आधी स्वयंपाकघरात जाऊन शेगडी पेटवून बघितली. ज्योत निळी, भरपूर. गॅस आहे. मग नळ सोडून गिझरला कान लावला. टक-टक होतेय, म्हणजे पाण्याचा दाब पुरेसा आहे. पाण्याच्या जोराने आतला पडदा दबतो आणि एक छोटा स्विच लागतो, त्याशिवाय ठिणगी पडतच नाही. टाकी रिकामी असेल तर ‘ई १’ येणार नाही, काहीच होणार नाही. मग त्यांनी खालचा डबा ओढला. त्यात टॉर्चचे ते मोठे दोन सेल. एकाच्या बुडाला चिकट ओल सुटलेली, पत्र्यावर पांढरी पूड. ‘हे कुणी घातले? एकदम हलके आहेत.’

नवे सेल घातले, पत्रा कानशीने घासला, नळ सोडला. पहिल्या टकीत पेटला. सेल शंभर रुपयांच्या आतले.

मी तो जळका बोर्ड आणून दाखवला. त्यांनी गिझरचं झाकण काढलं आणि मला जवळ बोलावलं. आतल्या काळ्या डबीला दोन स्क्रू, आणि दोन्ही स्क्रूंच्या डोक्यावर कारखान्यात लावलेली लाल रंगाची टिकली, कुठेही चीर नाही. डबी कधी उघडलेलीच नव्हती. माझ्या हातातल्या बोर्डाला तीन भोकं होती. आणि त्याच्या मागच्या सोल्डरमध्ये कोळ्याचं जुनं जाळं अडकलेलं. चौदा महिन्यांच्या गिझरमध्ये इतकी धूळ कुठून येणार? मी चहा टाकत होते तेवढ्यात त्या मुलाने पिशवीतले कसले तरी सेल घातले होते, बस.

काकांनी मग एक वाक्य सांगितलं ते माझ्या डोक्यात बसलं: यंत्राला आजार कळत नाही, त्याला फक्त दिसतं तेवढं ते सांगतं. ठिणगी टाकली, गॅस सोडला, काही सेकंद वाट पाहिली, ज्योत दिसली नाही, गॅस बंद केला. आमच्या गिझरच्या ‘ई १’चा एवढाच अर्थ. मला लगेच चेक आठवला. परत गेलेल्या चेकसोबत चिठ्ठी असते, ‘सही जुळत नाही’. याचा अर्थ खातेदाराचा हात मोडला असा नाही. पेन बदललं असेल, घाई असेल, वय झालं असेल, किंवा खरंच दुसऱ्याने केली असेल. तसंच इथे. सेल उतरलेत, गॅसची चावी अर्धी बंद आहे, लाइनमध्ये हवा शिरलीय, ठिणगीच्या पिनवर ओल आहे, ज्योत ओळखणाऱ्या पिनवर काजळी धरलीय, वायर सैल झालीय. पीसीबी या रांगेत सगळ्यात शेवटी. आणि आकडा दिसतो म्हणजे सेल चांगले, हे तर साफ खोटं. आकडा उजळायला चिमूटभर वीज पुरते, ठिणगी पाडायला आणि गॅसची झडप उघडी धरायला जोर लागतो. शिवाय दुसऱ्या कंपनीच्या गिझरवर ‘ई १’चा अर्थ निराळाही असू शकतो, तो त्यांच्याच पुस्तिकेत बघायचा.

मुलीला इंग्लंडमध्ये, लेस्टरला फोन करून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आई, आमच्याकडे घर तापवायच्या बॉयलरचंही हेच. तिच्याकडे व्हेलंटचा बॉयलर आहे. एकदा ‘एफ २२’ आला, तो पाण्याचा दाब पडल्याचा. काटा एकच्या खूप खाली होता, पुस्तिकेत बघून तिने नळी उघडून एक ते दीड बारपर्यंत भरला, काम झालं. एकदा ‘एफ २८’, पेटला नाही. बाहेर बर्फ, आणि पाणी बाहेर टाकणारा पाइप गोठलेला. कोमट पाणी ओतल्यावर चालू. आत हात घालायचा असेल तर मात्र गॅस सेफ रजिस्टर या तिथल्या नोंदणीतलाच माणूस बोलवायचा आणि कार्ड मागून बघायचं, तिथे तो कायदाच आहे. मी कार्डाची पट्टी बघितली होती, कार्ड नाही.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती पैशांपेक्षा मोठी आहे. जाताना तो मुलगा म्हणाला होता, इथे वाऱ्याने ज्योत विझते, बाथरूममध्ये घ्या, ८०० रुपयांत करून देतो. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. बंद बाथरूममध्ये गॅसचा गिझर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग ना वास, नुसती गुंगी येते आणि माणूस तिथेच राहतो.

बिल मग मी भिंगाखाली धरलं. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो आणि गुजरातचा २४ ने सुरू होतो. त्याच्या बिलावर १३च अक्षरं, सुरुवात ०७ ने. बँकेत असते तर क्षणात परत केलं असतं. सायबर फसवणुकीच्या १९३० वर तक्रार नोंदवली, ग्राहकांच्या १९१५ वरही. पैसे तीन आठवड्यांपूर्वी मी स्वतः पिन टाकून दिलेले, त्यामुळे अजून तरी फक्त तक्रार क्रमांक हातात आहे. ज्यांना नंबर दिला होता त्यांना एकेकाला फोन करून तो पुसायला सांगितला.

परवा शेजारच्या वहिनींच्या मोबाइलवरून सहज तो नंबर लावून बघितला. लगेच उचलला. तोच आवाज, ‘कस्टमर केअर, बोलो बेन.’ मी म्हटलं, फ्रिज बंद पडलाय.

‘कई कंपनीनुं छे?’