गावसकरांचा जोडीदार : चौहान की श्रीकांत?

सुनील गावसकरांसाठी आदर्श सलामीचा साथीदार निवडायचा झाल्यास चेतन चौहान आणि कृष्णम्माचारी श्रीकांत ही दोन परस्परविरोधी नावे समोर येतात.

पुण्यात घडलेले आणि महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले चौहान हे मुळात चिकाटीचे फलंदाज. ४० कसोटींत २०८४ धावा करूनही त्यांच्या नावावर एकही शतक नाही, आणि बहुधा म्हणूनच त्यांचे मोल कमी लेखले गेले. मात्र १९७९ मध्ये इंग्लंडविरुद्ध लंडनच्या ओव्हल मैदानावर ४३८ धावांचा पाठलाग करताना या जोडीने २१३ धावांची सलामी दिली, तेव्हा चौहानांच्या ८० धावांनी एक बाजू रोखून धरली नसती, तर गावसकरांच्या २२१ धावांच्या खेळीला इतका भक्कम पाया मिळाला असता का, याची शंका वाटते.

श्रीकांत यांचा आक्रमक पवित्रा मात्र क्षेत्ररक्षण विखुरत असे, आणि त्याचा लाभ दुसऱ्या टोकालाही होई. १९८६ च्या सिडनी कसोटीत दोघांनी १९१ धावांची सलामी दिली. श्रीकांत यांनी ११६, तर गावसकरांनी १७२ धावा केल्या. धोका एवढाच, की श्रीकांत कधी बाद होतील याचा भरवसा नसे.

सपाट खेळपट्टीवर, वेगाने धावा जमवून विजयासाठी वेळ मिळवायचा असेल, तर श्रीकांत यांना पसंती द्यावी. परंतु नवा चेंडू स्विंग होत (हवेत वळत) असताना, किंवा चौथ्या डावात दिवसभर तग धरायचा असताना, माझे मत निःसंशय चौहानांना आहे.