बंद वाटेचं तिकीट: अंधारबनच्या नावाखाली झालेली लूट

एका ट्रेक आयोजकाने आमच्याकडून पैसे घेतले अंधारबनच्या ट्रेकचे आणि दाखवला ताम्हिणी घाटातला रस्त्याकडेचा धबधबा. का, तर वाट बंद होती. ती बंद होती हे अगदी खरं आहे, आणि त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. पण बंद आहे हे पक्कं ठाऊक असताना तिच्या सीट विकायच्या आणि 'शासकीय बंदी आल्यास पैसे परत मिळणार नाहीत' ही ओळ पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरांत आधीच छापून ठेवायची, याला आमच्याकडे लूट म्हणतात.

ज्यांना अंधारबन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुण्याहून पौड, मुळशी करत धरणाच्या कडेने ताम्हिणीकडे जाताना लोणावळ्याकडे एक रस्ता फुटतो. त्यावर पिंपरी गाव आहे. तिथून कुंडलिकेच्या खोऱ्याला धरून दाट रानातून वाट जाते, मध्ये हिर्डी गाव लागतं आणि शेवटी ती खाली कोकणात भिऱ्याला उतरते. चाल साधारण १३-१४ किलोमीटरची. सुरुवात घाटावर, शेवट कोकणात. त्यामुळे माणसं पिंपरीला उतरली की गाडीने ताम्हिणी घाट उतरून वळसा घालून भिऱ्याला यायचं असतं. हे लक्षात असू द्या, कारण आयोजकाचं बिंग इथेच फुटलं.

पोस्टर बघून कुणालाही भुरळ पडावी असंच होतं. माणशी १,४९९ रुपये. त्यात प्रवास, पोहे-चहा, हिर्डीला पिठलं-भाकरी, 'फॉरेस्ट परमिट', 'अनुभवी लीडर', 'विमा'. 'फक्त ४ सीट शिल्लक' ही पट्टी तर कायमचीच. पैसे एका खासगी क्यूआर कोडवर, तेही सगळे आगाऊ. माझ्या मामेबहिणीने व्हॉट्सॲपवर सरळ विचारलं होतं, "दादा, तिकडे बंदी वगैरे नाही ना?" उत्तर आलं, "ताई, आपलं परमिट काढलेलं असतं, टेन्शन घेऊ नका." हा मेसेज आज आमच्या तक्रारीला जोडलेला आहे.

रविवारी पहाटे पुण्यातल्या नळ स्टॉपवरून बस निघाली. लीडर म्हणून आलेला मुलगा कॉलेजातला असावा. पौडच्या पुढे गेल्यावर त्यानेच हळूच विचारलं, "यापूर्वी कुणी अंधारबन केलंय का?" तेव्हाच काय ते समजायला हवं होतं, असं बसमधले एक काका नंतर दिवसभर सगळ्यांना ऐकवत होते. त्या पोराला मी दोष देत नाही. दिवसाचे पाचशे रुपये आणि जेवण यावर त्याला पाठवलेलं. आयोजक स्वतः बसमध्ये चढलाच नाही.

पिंपरीला उतरलो तर चौकीपाशी बांबू आडवा घातलेला आणि शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आदेश टांगलेला. खाली सही, शिक्का आणि तारीख. तारीख मागच्या आठवड्यातली! लीडरने फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि पलीकडून अगदी हळहळलेल्या आवाजात ऐकू आलं, "अरेरे, काल रात्रीच ऑर्डर आली वाटतं. आपल्या हातात नाही हो." शेजारी चहाची टपरी. तिथल्या मावशी कपबशा विसळता विसळता म्हणाल्या, "काल कुठली? आठ दिस झालं बंद हाय. काल बी दोन बशी परत गेल्या."

म्हणजे आमच्या आदल्या दिवशीही कुणीतरी असंच उतरलं होतं आणि परत गेलं होतं. त्यातली एक बस याच आयोजकाची होती का, हे मला सांगता येणार नाही. पण आमचा ड्रायव्हर जे बोलला ते महत्त्वाचं. मी त्याला विचारलं, "तुम्ही भिऱ्याला किती वाजता पोचणार होतात?" तो चक्रावला. "भिरा? मला ताम्हिणीपर्यंतच सांगितलंय. चारला पुण्यात गाडी मोकळी करायचीय, संध्याकाळी लग्नाचं भाडं आहे." गाडीचा सौदाच ताम्हिणीपर्यंतचा होता. भिऱ्याला न्यायचं कुणाच्या मनातच नव्हतं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. घाटात एका धबधब्यापाशी बस थांबवली, शे-दोनशे माणसांच्या गर्दीत आम्ही भिजलो, कणीस खाल्लं, कुणाच्या तरी स्पीकरवरची गाणी ऐकली. पिठलं-भाकरीऐवजी वडापाव. आयोजकाचा आणखी एक निरोप लीडरने आणला: माणशी ३०० रुपये जास्त दिले तर गावातला एक जण 'आतल्या वाटेने' नेईल. दोघे-तिघे तयारही झाले होते, आम्हीच अडवलं. त्या रानात पाऊस लागला की ओढे बघता बघता फुगतात आणि मोबाइलला रेंज नसते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर पुणे जिल्ह्यात असे आदेश किती कडक झाले हे इथल्या ट्रेकरांना सांगायला नको. बंदी मोडून गेलात तर कारवाई तुमच्यावर होते. वाट दाखवणारा तोवर पसार झालेला असतो.

आता विमा. विमा उतरवायचा तर पूर्ण नाव, वय, वारस असं काहीतरी विचारावंच लागतं. आमच्याकडून फक्त पहिलं नाव आणि 'कुठून चढणार' एवढंच घेतलं होतं. पॉलिसी क्रमांक मागितल्यावर 'ग्रुप विमा आहे, ऑफिसात बघावं लागेल' असं उत्तर आलं. ऑफिस कुठे, ते आजतागायत कळलेलं नाही. परमिटचीही तीच गत. वनखात्याचं शुल्क चौकीवर भरलं की पावती मिळते. ज्या चौकीतून कुणाला आतच सोडत नाहीत तिथलं परमिट याने कुठून काढलं होतं?

हिशेब मांडून बघा. बसमध्ये तिशीच्या आसपास माणसं धरली तर जमा चाळीस-पंचेचाळीस हजार. छोटा पल्ला असल्याने बसभाडं कमी, जेवण नाही, गाववाल्या वाटाड्याचे पैसे नाहीत, वनखात्याचं शुल्क नाही. पूर्ण ट्रेक करून जेवढे उरले असते त्याहून जास्त ट्रेक न करता उरले. बंदी ही याच्यासाठी अडचण नाहीच, कमाईची संधी आहे. आम्ही परतल्यावर काही दिवसांत याच आयोजकाच्या पानावर देवकुंड धबधब्याचं पोस्टर झळकलं, आणि देवकुंडवर पावसाळ्यात बंदी घालण्याचे प्रकार तर वर्षानुवर्षं चालू आहेत.

म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकाला एकच प्रश्न लेखी विचारा: वाट बंद निघाली तर किती पैसे परत, आणि किती दिवसांत? चांगले गट याचं सरळ उत्तर देतात, आणि ते पुण्यामुंबईत भरपूर आहेत. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते; तो क्रमांक मागा. गावातल्या खानावळीला एक फोन करा. वाट चालू आहे की नाही हे गावाइतकं पक्कं कुणालाच माहीत नसतं, आणि जेवणाची ऑर्डर खरंच दिली आहे का हेही त्याच फोनवर समजतं.

पैशांचं काय झालं? १९३० या सायबर हेल्पलाइनवर आम्ही फोन केला, पण बस आली होती, फिरवून आणलं होतं, त्यामुळे हा ग्राहक तक्रारीचा विषय आहे असं सांगण्यात आलं. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारशुल्क नाही, त्यामुळे दीड हजारासाठी कोण भांडत बसणार हा आयोजकाचा हिशेब आपण चुकवू शकतो. आमच्यातल्या अकरा जणांनी मिळून नोटीस पाठवल्यावर त्याने पुढच्या ट्रेकचं 'कूपन' देऊ केलं. आम्ही घेतलं नाही. कूपन घेतलं की प्रकरण मिटलं असं तो दाखवू शकतो.

तुम्हीही असे अडकला असाल तर पोस्टर, अटी आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं यांचे स्क्रीनशॉट बसमध्ये बसल्या बसल्याच काढून ठेवा. बंदीच्या आदेशाचा फोटो तारीख नीट दिसेल असा घ्या. आम्हाला ग्रुपमधून काढून टाकलं गेलं तेव्हा बस अजून पुण्यातल्या चांदणी चौकात पोचायची होती.