पालिकेच्या पीएफ-पेन्शन निधीसाठी कस्टोडियन: कोणाची सेवा कशी

१ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांचा पैसा राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत (एनपीएस) जातो. तिथला कस्टोडियन, म्हणजे निधीचे रोखे सांभाळणारी संस्था, पीएफआरडीए हे निवृत्तिवेतन निधींचे नियामक प्राधिकरण नेमते, त्यामुळे पालिकेपुढे किंवा जिल्हा परिषदेपुढे निवडीचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो जुन्या कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचा, पालिकेने बाजूला काढलेल्या निवृत्तिवेतन निधीचा आणि पालिकेच्या उपक्रमांच्या पीएफ ट्रस्टचा. हा सगळा पैसा मुदत ठेवीत पडून असेल तर कस्टोडियनची गरज नसते. सरकारी रोखे आणि सार्वजनिक उपक्रमांचे बाँड घ्यायला सुरुवात झाली की ती लागते. मग ई-निविदा निघते, दरपत्रके उघडली जातात आणि एल-१ला, म्हणजे सर्वांत कमी दर देणाऱ्याला, काम मिळते. कस्टोडियन असा निवडू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण साध्या हिशेबात दिसते. समजा ३०० कोटींचे रोखे आहेत. एकाने वर्षाला ०.००५ टक्के मागितले, दुसऱ्याने ०.००८. म्हणजे दीड लाख आणि २ लाख ४० हजार, फरक ९० हजारांचा. आता याच निधीत ७.२५ टक्क्यांचा, वर्षातून एकदा व्याज देणारा २५ कोटींचा एक बाँड धरा. व्याज १ कोटी ८१ लाख २५ हजार. ट्रस्टच्या करमुक्तीची कागदपत्रे वेळेत रजिस्ट्रारकडे, म्हणजे बाँडधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, पोहोचली नाहीत, तर १० टक्क्यांनी १८ लाख १२ हजार ५०० रुपये कापले जातात. ते परत मिळतात, पण विवरणपत्र भरून, परताव्याची वाट पाहून, आणि तोवर लेखापरीक्षणात येणे बाकी म्हणून दाखवत. एका बाँडवरची एक चूक काही वर्षांच्या दरातल्या बचतीला पुरून उरते. तुलनेसाठी सांगायचे तर एनपीएसच्या कस्टोडियनचा दर बरीच वर्षे ०.००३२ टक्के होता. पण तो प्रचंड रकमेवरचा दर आहे. पालिकेच्या निधीला तो मिळेल अशी अपेक्षा धरू नये. लहान खात्यांना बहुतेक ठिकाणी किमान वार्षिक फी लागते. निविदेत टक्केवारीच्या आधी ती किमान फी विचारावी.

कस्टोडियन कशासाठी असतो, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. २००२ साली होम ट्रेड या दलाली कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोख्यांसाठी दलालांना पैसे दिले होते. व्यवहाराचे कागद आले, रोखे आलेच नाहीत. वर्धा, उस्मानाबादच्या जिल्हा बँका त्यात होत्या आणि खलाशांचा सीमेन्स प्रॉव्हिडंट फंडही होता. पैसे देणे आणि रोखे ताब्यात घेणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या नाहीत आणि रोखे खरोखर आले का हे तिसऱ्या कोणी तपासले नाही, एवढेच त्यात झाले होते. त्यानंतर रोखे कागदावर न ठेवता डिमॅट स्वरूपातच ठेवण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने आपल्या नियंत्रणाखालच्या संस्थांवर केली. आज सरकारी रोख्यांचे व्यवहार क्लिअरिंग कॉर्पोरेशनमार्फत पैसे आणि रोखे एकाच वेळी बदलून पूर्ण होतात. तरीही दलाल, निधी व्यवस्थापक आणि कस्टोडियन हे तिघे वेगळे असावेत, ही अट निविदेत लिहूनच टाकावी.

कस्टोडियन कशापासून वाचवत नाही हेही विश्वस्तांना ठाऊक हवे. सप्टेंबर २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएसने हप्ते थकवले, मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-१ बाँड (बँक अडचणीत आली की मूल्य शून्य करता येणारे) शून्य झाले. ज्यांच्या खात्यात ते होते त्यांच्या कस्टोडियनने ते अगदी नीट सांभाळले होते. पतजोखीम, म्हणजे कर्ज घेणारा पैसे बुडवेल ही भीती, हा विश्वस्तांचा आणि व्यवस्थापकाचा विषय आहे.

आता सेवा देणाऱ्यांकडे वळू. सगळे सेबीकडे नोंदणीकृत असतात, म्हणून नोंदणी ही पात्रतेची पहिली पायरी समजावी, गुण देण्याचे कारण नव्हे.

स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशन ही १९८६ साली सार्वजनिक वित्तसंस्थांनी मिळून काढलेली कंपनी, आज आयएफसीआयची उपकंपनी. एनपीएसच्या सुरुवातीच्या वर्षांत कस्टडी तिच्याकडेच होती. ट्रस्ट डीड, ठरावाची प्रत, सह्या करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झाली की नवा नमुना, ही पालिकेची कागदी रीत तिथे परकी वाटत नाही. फक्त कर्जरोखे असलेल्या, खरेदी करून मुदतीपर्यंत धरून ठेवणाऱ्या निधीला ही निवड आम्हाला सर्वांत सरळ वाटते. गुंतवणुकीच्या कामगिरीचे विश्लेषण, रोजचे बाजारमूल्य अशा गोष्टी हव्या असतील तर त्या फीत धरल्या आहेत का, हे आधी लिहून घ्यावे.

दुसरा गट देशी बँकांच्या कस्टडी विभागांचा: एचडीएफसी, आयसीआयसीआय, अ‍ॅक्सिस, कोटक, आणि स्टेट बँक व सोसिएते जनराल यांची संयुक्त कंपनी एसबीआय-एसजी. पालिकेचे चालू खाते त्याच बँकेत असले तर पैशांची ये-जा सुटसुटीत होते. पण इथे एक गाठ आहे. त्याच बँकेचा ट्रेझरी विभाग, म्हणजे रोख्यांची खरेदी-विक्री करणारा विभाग, ट्रस्टला रोखे विकत असतो आणि तीच बँक मुदत ठेवीही घेते. विकणारा आणि सांभाळणारा एकच झाला की भावाकडे पाहणारे कोणी उरत नाही. या गटातून निवड करायची तर प्रत्येक खरेदीला किमान तीन ठिकाणचे भाव आणि सरकारी रोख्यांचे दर रोज जाहीर करणाऱ्या एफबीआयएल या संस्थेचा त्या दिवशीचा दर फायलीत लावण्याची सक्ती करावी. कंपन्यांच्या कर्जरोख्यांना फिमडा या रोखेबाजारातल्या संघटनेचे मूल्य चालते.

तिसरा गट सिटी, एचएसबीसी, डॉइश, स्टँडर्ड चार्टर्ड अशा परदेशी बँकांचा. त्यांच्या यंत्रणा परदेशी गुंतवणूकदारांसाठी उभ्या राहिल्या, त्यामुळे ग्राहकाला मिळणारे अहवाल आणि नियंत्रण अहवाल (अंतर्गत तपासण्या नीट चालतात का हे सांगणारे) उत्तम असतात. एनपीएसची कस्टडी पुढे डॉइश बँकेकडे गेली, यावरून मोठ्या निवृत्ती निधीचे काम त्यांना जमते हे दिसते. मात्र दोन-तीनशे कोटींचा मराठी पालिकेचा ट्रस्ट हा त्यांच्यासाठी लहान ग्राहक. आपला फोन कोण उचलणार, तो माणूस रजेवर असेल तर कोण, हे करारात नावानिशी आणि पदानिशी हवे. निधी हजार कोटींच्या पुढचा असेल, त्यात शेअरही असतील, तरच हा गट पाहावा.

गुणांकनात सर्वाधिक वजन एका चाचणीला द्यावे. सादरीकरणाच्या आधी प्रत्येक निविदाकाराला आपल्या पोर्टफोलिओतले पाच आयएसआयएन (प्रत्येक रोख्याचा ओळख क्रमांक) द्या आणि पुढच्या बारा महिन्यांचे व्याजाचे वेळापत्रक दोन दिवसांत मागवा: देय तारीख, रेकॉर्ड डेट (ज्या दिवशी बाँड ज्याच्या नावे असेल त्याला व्याज मिळते), रक्कम, कर कापला जाईल की नाही, आणि पुट-कॉलच्या तारखा, म्हणजे मुदतीआधी बाँड परत देण्याचा गुंतवणूकदाराचा (पुट) किंवा परत घेण्याचा कंपनीचा (कॉल) हक्क वापरण्याच्या तारखा. पाचांत एक केंद्राचा रोखा ठेवा, ज्याचा क्रमांक आयएन०० ने सुरू होतो. दोन महाराष्ट्राचे राज्य रोखे ठेवा, आयएन२२ ने सुरू होणारे, कूपन (व्याजदर) जवळजवळ सारखे आणि मुदत एकाच वर्षात संपणारी. आणि दोन कंपन्यांचे, आयएनई वाले बाँड, त्यांतला एक पुट ऑप्शनचा. सरकारी रोख्याचे व्याज ३०/३६० पद्धतीने (महिना ३० आणि वर्ष ३६० दिवसांचे धरून) निघते, बाँडचे प्रत्यक्ष दिवसांवर. बाँडची रेकॉर्ड डेट व्याजाच्या १५ दिवस आधी असते. पुट वापरायचा तर सूचना ठरावीक मुदतीतच द्यावी लागते. ती चुकली की ट्रस्ट पुढची कित्येक वर्षे त्या बाँडमध्ये अडकतो. ज्याने दोन राज्य रोख्यांची अदलाबदल केली किंवा पुटची तारीखच दिली नाही, त्याचा दर शून्य असला तरी तो नको.

रोखे खरोखर आहेत का याच्या ताळमेळाची बाजू पालिकेने स्वतः सांभाळायची आहे. कस्टोडियनचे विवरण हे कस्टोडियननेच लिहिलेले असते, त्याची पडताळणी दुसरीकडून हवी. डिमॅटमधल्या बाँडसाठी सोपा मार्ग आहे: एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींच्या, म्हणजे डिमॅट खाती ठेवणाऱ्या संस्थांच्या, ऑनलाइन सेवा, अनुक्रमे आयडियाज आणि इझी. लेखा विभागातल्या, गुंतवणुकीशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याच्या नावे लॉगिन घ्या आणि दर महिन्याला तिथली शिल्लक कस्टोडियनच्या विवरणाशी आयएसआयएननुसार जुळवा. सरकारी रोखे कस्टोडियनच्या सीएसजीएल खात्यात, म्हणजे ग्राहकांचे सरकारी रोखे एकत्र ठेवण्याच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात, असतील तर रिझर्व्ह बँकेच्या वहीत नाव कस्टोडियनचे, आणि त्यातला आपला हिस्सा कस्टोडियनच्या वहीत. ही कडी कच्ची आहे. मुदतीपर्यंत ठेवायचे सरकारी रोखे डिपॉझिटरीच्या डिमॅट खात्यातही ठेवता येतात, आणि तसे ठेवले की तेही त्याच विवरणात दिसतात. कमी व्यवहार करणाऱ्या निधीला आम्ही हेच सुचवू. रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट योजना व्यक्तींसाठी आहे. ट्रस्टने तो रस्ता शोधू नये.

रोकड हा दुर्लक्षित भाग. रोखे कस्टोडियनच्या ताळेबंदात नसतात, त्यामुळे तो बुडाला तरी ते ट्रस्टचेच राहतात. पण व्याजाचे जमा झालेले पैसे बँकेच्या खात्यात असतात आणि ती साधी ठेव असते. विमा संरक्षण ५ लाखांचे. म्हणून सेटलमेंट खात्यात संध्याकाळी शिल्लक राहू नये, दिवसाअखेर ती ट्रस्टच्या मुख्य खात्यात वळती व्हावी, ही अट घालावी. मुदत ठेवी तर कस्टोडियनकडे नसतातच. अनेक निधींत मोठा हिस्सा त्यांचाच असतो आणि पावत्या कपाटात असतात. कस्टोडियनचा अहवाल स्वच्छ आला म्हणून निधी तपासला गेला असे होत नाही. ठेवींची खातरजमा दर तिमाहीला बँकेच्या शाखेकडून थेट पत्राने मागवावी, पत्र कोणत्याही मध्यस्थाच्या हातून येऊ नये, आणि शाखेचा पत्ता-ईमेल पावतीवरून न घेता बँकेच्या संकेतस्थळावरून घ्यावा.

कराराची काही कलमे घासाघीस करण्यासारखी आहेत. व्याज उशिरा जमा झाले तर भरपाई कोणत्या दराने, किती दिवसांनंतर; कर चुकून कापला गेला तर परताव्याचे काम कोण करणार; बाहेर पडताना प्रति आयएसआयएन किती शुल्क. शेवटचे कलम छापील मसुद्यात बारीक अक्षरात असते आणि पाच वर्षांनी कस्टोडियन बदलायची वेळ आली की तेच आडवे येते. स्वतंत्र लेखापरीक्षकाचा नियंत्रण अहवाल दरवर्षी मिळाला पाहिजे, आणि तो स्थानिक निधी लेखापरीक्षेला दाखवण्याची परवानगी करारातच घ्यावी.

जुन्याकडून नव्याकडे जाताना बहुतेक गोंधळ तारखांमुळे होतो. बाँड मोबदल्याशिवाय हस्तांतरित होतात, सरकारी रोखे एका सीएसजीएलमधून दुसऱ्यात मूल्यविरहित हस्तांतरणाने जातात. ज्या बाँडची रेकॉर्ड डेट पुढच्या दोन आठवड्यांत आहे तो पहिल्या खेपेत हलवू नये. व्याज जुन्या बँक खात्यात जाईल की नव्या, याचा वाद होतो आणि रजिस्ट्रार दोघांकडे बोट दाखवतो. आधी एक लहान रकमेचा आयएसआयएन पाठवावा, तो नव्या विवरणात आणि आयडियाजमध्ये दिसला की उरलेले. करमुक्तीची कागदपत्रे नव्या डिमॅट क्रमांकासह प्रत्येक रजिस्ट्रारकडे पुन्हा द्यावी लागतात, जुनी आपोआप लागू होत नाहीत. जुने डिमॅट खाते शेवटचा रोखा गेल्यावर बंद करावे, पण त्याला जोडलेले बँक खाते सर्व वार्षिक बाँडांचे एकेक व्याज नव्या खात्यात पडेपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर, चालू ठेवावे.